पहिली नळी बाईंची

डॉ. कुमुदिनीबाई हेर्लेकर यांना मी प्रथम पाहिले ते प्रयोगशाळेत नव्हे, व्यासपीठावर तर नव्हेच. पाहिले ते पेठेतल्या दूधकट्ट्यावर. संध्याकाळची वेळ, रांगेने उभ्या केलेल्या म्हशी, खांद्यावर टॉवेल टाकून आलेले पैलवान, आणि त्यांच्या मधोमध पांढऱ्या सुती पातळातल्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक बाई. हातात पितळी पेला. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक कट्ट्यावर उभ्या राहून धारोष्ण दूध पितात, ही खरे तर बातमी होती. पण मी तेव्हा आमच्या दैनिकात नवा वार्ताहर होतो, आणि बातमी समोर उभी असताना ती ओळखण्याची विद्या मला अजून यायची होती.

बाई गणपामामा गवळ्यांची उलटतपासणी घेत होत्या.

"मामा, हात धुतले का?"

"धुतले की."

"साबणानं?"

"बाई, म्हस कायबी म्हणत न्हाय, आन् तुम्ही रोज इचारताय!"

"म्हशीला प्यायचं नाही, मला प्यायचंय. पेला उकळत्या पाण्यातून काढलाय?"

"काढलाय. पेल्याचं कातडं असतं तर सोललं असतं आतापतूर."

आचळ पुसून घेऊन, पेला उजेडाकडे धरून पारखून, मगच बाईंनी धार घेतली. एका दमात पेला रिकामा केला, ओठावरची फेसाची मिशी रुमालाने टिपली आणि माझ्या हातातल्या चहाच्या कपाकडे पाहून विचारले, "आपण आजारी आहात का?"

मला दूध पचत नाही. कोल्हापुरात ही गोष्ट चारचौघांत कबूल करणे म्हणजे आपल्या चारित्र्याबद्दल शंका ओढवून घेणे. मी म्हणालो, "चहा बरा वाटतो." बाई म्हणाल्या, "वाटणारच. संस्कृत पाठशाळेत शिकलात ना? चेहऱ्यावर दिसतंय." आमचा परिचय झाला तो असा. वाचकांनी तो पेला आणि तो कप, दोन्ही ध्यानात ठेवावेत. पुढे दोघांनाही काम आहे.

बाईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे लेख असणार. त्यांत एका बातमीदाराने काय लिहावे? संपादक म्हणाले, "तुम्ही शनिवारवाले आहात, तुम्ही लिहाच." हे शनिवार प्रकरण काय आहे ते आधी सांगतो.

मुंबईत पदवी आणि पुढचे संशोधन करून बाई कोल्हापूरला परतल्या, तेव्हा त्यांना मिळालेली प्रयोगशाळा म्हणजे महाविद्यालयाच्या मागच्या अंगणातली एक लांबट खोली होती. जंतू वाढवण्याचे उबदार कपाट त्यांनी जुन्या फडताळात विजेचे दिवे बसवून केले. निर्जंतुकीकरणाचे यंत्र येईपर्यंत घरचा प्रेशर कुकर कामाला लावला. त्या काळात त्यांच्या घरी वरणातली डाळ कच्ची लागे, असे त्यांचे यजमान मोठ्या समजुतीने सांगत. अंगणात एक मेंढा असे. जंतू ज्या खाद्यावर वाढतात त्यात मेंढ्याचे थोडे रक्त घालावे लागते, म्हणून तो पाळलेला. कोल्हापुरात एक धष्टपुष्ट मेंढा वर्षानुवर्षे जिवंत ठेवणे, हे बाईंच्या प्रकाशित संशोधनाइतकेच मोठे कार्य आहे असे माझे मत आहे, आणि तांबडा रस्सा खाणाऱ्या कुणालाही ते पटावे.

बाईंकडे पीएच.डी.ला येणाऱ्याला पहिला महिना हा मेंढा चारावा लागे. पहिल्या वर्गात पास झालेली मुले तोंड वाकडे करीत. शाहूवाडीकडच्या शिवाजी चौगुले यांनी तर विचारलेच, "बाई, मेंढरंच राखायची हुती तर मी गावाकडंच राहिलो असतो की." बाई शांतपणे म्हणाल्या, "मेंढ्याचा उतरलेला चेहरा ज्याला कळत नाही, त्याला ताप आलेला माणूस काय कळणार? चारा." चौगुल्यांनी चारला. पुढे ते उत्तम संशोधक झाले. मेंढाही त्यांच्यावर खूश होता.

आता शनिवार. प्राचीन शास्त्रार्थात आपले मत मांडण्याआधी विरोधकाचे मत, म्हणजे पूर्वपक्ष, पूर्ण ताकदीने मांडावा लागतो, हे मी एकदा कट्ट्यावर सहज बोललो. बाईंनी पेला खाली ठेवला. "म्हणजे स्वतःच्या विरुद्ध स्वतःच वकिली करायची?" मी म्हणालो, "होय, आणि प्रामाणिकपणे." पुढच्या शनिवारपासून प्रयोगशाळेत नियम झाला: आठवडाभर जे केले त्याच्या विरुद्ध प्रत्येकाने उभे राहून बोलायचे. माझा निकाल खोटा का असू शकेल, हे आधी मीच सांगायचे. मलाही बोलावणे आले. का, असे विचारले तर म्हणाल्या, "तुम्हाला यातलं काही कळत नाही. तुम्हाला समजेल असं सांगताना पोरांना स्वतःला समजतं." हा मी माझा गौरव समजत आलो आहे.

दुसरा नियम बाईंचा स्वतःचा, शनिवारपेक्षा जुना. कुठल्याही प्रयोगात निरोगी माणसाचे रक्त तुलनेसाठी लागले, तर पहिले रक्त मार्गदर्शकाचे. "विद्यार्थ्याला दुसऱ्याच्या दंडात सुई खुपसायला सांगते, तर आधी माझा दंड." लाकडी स्टँडवर डावीकडची पहिली नळी नेहमी बाईंची असे. तिला कुणी नाव लिहीत नसे. लिहायची गरजच नव्हती.

एकोणीसशे सत्तरच्या दशकात मुरगूडची हमीदा अत्तार बाईंकडे आली. वडिलांचे बाजारात अत्तर-सुरम्याचे छोटे दुकान. मुलगी बोलायला हळू, पण हाताने पक्की. तिच्या हातून नळी फुटलेली कुणी पाहिली नाही. तिचा विषय आमच्या मुलखातलाच होता. जनावरांत एक जंतू असतो, ब्रुसेला नावाचा. त्याने म्हशी गाभडतात, म्हणजे त्यांचा गर्भ पडतो, आणि माणसात तो शिरला तर संध्याकाळी ताप चढतो, सकाळी उतरतो, सांधे दुखतात आणि माणूस "दगदग झाली" म्हणत महिनोन् महिने काढतो. गवळ्यांना हा संसर्ग म्हशींच्या सहवासाने किती होतो, हे हमीदाला शोधायचे होते. त्यासाठी गवळ्यांचे रक्त हवे आणि तुलनेला ठणठणीत माणसांचे.

ठणठणीत माणसे कुठे मिळतात, हा प्रश्न कोल्हापुरात कुणी विचारत नाही. बाई म्हणाल्या, "तालमीत जा." चौगुले आणि हमीदा जवळच्या तालमीत गेले. पैलवानांनी दंड पुढे केले. त्यातले सर्वांत मोठे वस्ताद सुई पाहून आखाड्यात बसकण मारते झाले आणि "माती गरम हाय, म्हणून बसलो," असे सांगते झाले. रक्त मिळाले. पहिली नळी अर्थात बाईंची.

या तपासणीतली एक गोष्ट मला शिकायला फार वेळ लागला, ती वाचकांना सोपी करून सांगतो. नळीत रक्तातले पाणी घालतात, त्यात मारलेल्या जंतूंचे दुधट पाणी मिसळतात आणि रात्रभर उबेत ठेवतात. रक्ताने त्या जंतूंशी पूर्वी झुंज दिली असेल, तर ते जंतूंना धरून गोळा करते. गोळे तळाशी बसतात आणि वरचे पाणी नितळ होते. झुंज झालेलीच नसेल तर नळी गढूळ राहते. म्हणजे इथे गढूळ ते चांगले आणि नितळ ते वाईट. आम्ही लहानपणापासून चित्त नितळ असावे, जल नितळ असावे असे पाठ केलेले. मला ही विद्या उफराटी वाटली. पण शास्त्रापुढे इलाज नाही.

हमीदाच्या गवळ्यांच्या नळ्या बऱ्याच नितळ निघाल्या. ठीक. पण पैलवानांच्याही नितळ निघाल्या.

मग प्रयोगशाळेत जी धावपळ झाली ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. जंतूंची बाटली बदलली. मिठाचे पाणी नव्याने केले. "नळ्यांस्नी साबण राहतोय," म्हणून चौगुल्यांनी नळ्या अशा घासल्या की त्यांतून पलीकडची पेठ स्पष्ट दिसावी. फडताळातल्या दिव्यांवर संशय घेतला गेला. मेंढ्याचा या प्रयोगाशी काही संबंध नव्हता, तरी त्याच्याकडेही लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले. संशय आला नाही तो फक्त पैलवानांवर. कोल्हापूरचा पैलवान निरोगी नाही, असे म्हणायला ज्ञान पुरत नाही, छाती लागते.

इकडे हमीदाची मुदत संपत आली होती. विद्यावेतन उन्हाळ्याबरोबर थांबणार. तोपर्यंत प्रबंध दिला नाही तर मुरगूडला परत जायचे, आणि एकदा परत गेलेली मुलगी पुन्हा प्रयोगशाळेत येत नाही, हे ती जाणून होती. तुलनेची माणसेच गवळ्यांसारखी निघाली तर प्रबंध उभा कशावर राहणार? ती वाळत चालली. आणि वाळण्याचे आणखी एक कारण होते, ते तिने कुणाला सांगितले नव्हते.

एका शनिवारी ती उभी राहिली.

"बाई, माझा आजचा पूर्वपक्ष असा, की माझ्या प्रयोगात सगळं बरोबर आहे."

"हा कसला पूर्वपक्ष?" बाई म्हणाल्या. "तुझ्याविरुद्ध बोल."

"विरुद्धच बोलतेय. आपण सगळे म्हणतोय, काहीतरी बिघडलंय. मी म्हणते बाटली ठीक आहे, पाणी ठीक आहे, नळ्या ठीक आहेत. मग..."

"मग काय?"

"मग आपली निरोगी माणसं निरोगी नाहीत."

चौगुले उसळले. "अगं, पैलवान हाईत ती! बदाम खात्यात, दूध पित्यात!"

"तेच म्हणतेय," हमीदा म्हणाली. तिने स्टँड बाईंपुढे सरकवला. "आणि बाई, पहिली नळीबी नितळ हाय. परत परत केली. दर वेळेला नितळच येतीय."

बाईंनी विचारले, "माझी?"

"व्हय."

एरवी बाईंसमोर शुद्ध बोलणारी ही मुलगी त्या क्षणी मुरगूडची झाली. बाईंनी नळी उचलली, खिडकीशी नेली, बराच वेळ पाहिली. ज्या पेल्याचे कातडे सोलेपर्यंत त्यांनी तो उकळून घेतला होता, ज्या हातांना रोज साबण लावायला लावला होता, त्या सगळ्याच्या आत म्हशीचे कच्चे दूध होते, आणि ते उकळण्याचे मात्र या विदुषींच्या मनात कधी आले नव्हते. पाश्चरची पद्धत वर्गात खडू झिजेपर्यंत शिकवणाऱ्या बाई संध्याकाळी कट्ट्यावर गेल्या की पेठेतल्या होत. तिथे त्यांना लहानपणी वडिलांनी बोट धरून नेले होते.

बाई वळल्या. "संध्याकाळचा बारीक ताप," त्या स्वतःशीच बोलल्या. "गुडघे. मी म्हणत होते, पेपर तपासून तपासून दुखतात." मग एकदम माझ्याकडे पाहून, "तुम्ही कट्ट्यावर काय पिता?"

"चहा. मला दूध पचत..."

"दंड पुढे करा."

दुसऱ्या दिवशी माझी नळी गढूळ निघाली. इतकी गढूळ की चौगुल्यांनी ती सर्वांना फिरवून दाखवली. ज्या दुबळ्या पोटामुळे मी जन्मभर चेष्टा सोसली, ते असे शास्त्राच्या कामी आले. हमीदाच्या प्रबंधात मी एका नळीएवढा आहे, आणि माझ्या कुठल्याही लेखाला मिळाली नसेल इतकी मान्यता त्या नळीला मिळाली आहे. आमच्या पाठशाळेतल्या न्यायशास्त्रात, म्हणजे तर्कविद्येत, अशा लपलेल्या खऱ्या कारणाला उपाधी म्हणतात, हेही मी त्या वेळी सांगितले. कुणी ऐकले नाही. ते योग्यच झाले; सगळे जण दूध न पिणारी माणसे शोधायला निघाले होते.

पण मुदतीचे काय? प्रबंध पाहणाऱ्या विद्यापीठ समितीतल्या एका वडीलधाऱ्या सदस्यांनी मार्ग सुचवला. पैलवानांचे निकाल गाळावेत, काही रक्तनमुने अयोग्य आढळले असे एक वाक्य घालावे, प्रबंध वेळेत द्यावा. मनाने चांगले गृहस्थ. मुलीचे भले व्हावे म्हणूनच बोलले. बाईंनी हमीदाला बोलावले. मी तिथे होतो.

"तूच ठरव," बाई म्हणाल्या. "गाळलंस तर सुटशील, मी अडवणार नाही. नाही गाळलंस तर गवळी म्हशीमुळे आजारी पडतात की दुधामुळे, हे नव्याने पाहावं लागेल. तुझं वर्ष जाईल. माझी काय, अब्रूच जाईल."

हमीदा म्हणाली, "गाळलं तर शनिवारी उभी राहून काय बोलू, बाई?"

समितीपुढे बाई स्वतः गेल्या. निरोगी माणसे निवडण्यात चूक झाली, ती निवड माझी होती, पहिली चुकीची व्यक्ती मीच आहे, मुलीला मुदत वाढवून द्या, असे त्यांनी उभ्याने सांगितले. सदस्यांना हसावे की गंभीर व्हावे हे ठरवता आले नाही, आणि त्या गोंधळात मुदत मिळाली. विद्यावेतन मात्र मिळाले नाही. बाईंनी सकाळच्या प्रात्यक्षिकांवर हमीदाला काम लावून दिले आणि रविवारी एस.टी.ने मुरगूड गाठले. मीही बरोबर होतो.

दुकानात अत्तारचाचा हात जोडून उभे राहिले. "बाई, पोरीचं काय चुकलं का?"

"नाही. माझं चुकलं. पोरीनं ते पकडलं, म्हणून वेळ लागतोय."

चाचांचे जोडलेले हात सुटले. "मास्तरणीची चूक पकडली?"

"पकडली."

"मग लागू द्या की वेळ!" ते आत वळून ओरडले, "अगं, बाईंस्नी दूध आण!"

"उकळलंय का?" बाई घाईने म्हणाल्या.

"उकळून उकळून घट केलंय, बाई. चमचा उभा ऱ्हाईल."

बाईंनी ते घेतले. माझ्यापुढे न सांगता चहा आला. माझी कीर्ती मुरगूडपर्यंत पोचली होती.

सर्वांत अवघड काम राहिले होते कट्ट्यावरचे. बाई नेहमीच्या वेळी गेल्या, पण पेला घेतला नाही. गणपामामांचा चेहरा उतरला. बाईंनी सगळे सांगितले.

"म्हंजे आमच्या म्हशीवर आळ घेताय व्हय?" मामा तापले. "माझ्या बापाच्या येळंपासनं तुमच्या घराला दूध घालतोय मी!"

"म्हशीवर आळ घेत नाही, मामा. रक्त माझं नितळ निघालंय. तुमचं काय निघालं ते हमीदाला ठाऊक आहे, पण ती सांगायची नाही. तुम्ही विचारलंत तरच सांगेल. मी एवढंच विचारते, तुमच्या कंबरेचं काय?"

मामांनी कंबरेवर हात ठेवला, मग काढला. एक पैलवान मागून म्हणाला, "मामा, इचारा की. आम्हीबी इचारलंय." मामांनी विचारले. बाई आणि मामा यांचे औषध एकाच आठवड्यात सुरू झाले, आणि गोळ्या वेळेवर घेतल्या का म्हणून रोज संध्याकाळी मामाच बाईंची उलटतपासणी घेऊ लागले. बाईंच्या जुन्या सगळ्या प्रश्नांचा हिशेब त्यात चुकता झाला.

हमीदाचा प्रबंध पुढच्या वर्षी पूर्ण झाला. निरोगी माणसे कशी चुकली, हे त्यात एका संपूर्ण प्रकरणात लिहिले आहे, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न त्यावरच विचारले. तिने सगळ्यांची उत्तरे दिली, कारण ते प्रश्न तिने स्वतःला आधीच शनिवारी विचारलेले होते. आज डॉ. हमीदा अत्तार दुसऱ्या शहरात स्वतः मार्गदर्शक आहेत. त्यांच्या प्रयोगशाळेत मेंढा आहे की नाही ते माहीत नाही, पण स्टँडवर डावीकडची पहिली नळी त्यांची असते, हे मी पाहून आलो आहे.

बाईंच्या विद्वत्तेविषयी या ग्रंथात पुष्कळ येईल. मला जे म्हणायचे ते थोडे आहे. बाईंनी शिष्यांना प्रश्न विचारायला शिकवले, हे कुणीही गुरू करतो. एका मुलीला आपल्या गुरूच्या रक्ताविरुद्ध उभे राहता यावे, अशी खोली त्यांनी बांधली; ती बांधताना आपणच एक दिवस तीत सापडू, हे त्यांना ठाऊक नव्हते. सापडल्यावर त्यांनी ती खोली मोडली नाही, एवढे मी पाहिले.

बाई आजही संध्याकाळी कट्ट्यावर येतात. मामांनी तिथे एक स्टोव्ह आणि त्यावर दूध उकळायचे पातेले ठेवले आहे. कट्ट्याचे जुने गिऱ्हाईक त्या पातेल्याकडे तुच्छतेने पाहते आणि मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणते, "मामा, मलाबी बाईंचं द्या." मी शेजारी चहा घेऊन उभा असतो. आता कुणी काही म्हणत नाही.

दर वाढदिवसाला हमीदा येऊन बाईंचे रक्त घेऊन जातात. पहिली काही वर्षे नळी नितळच यायची, मग थोडी धुरकट, मग जास्त. या साठाव्या वाढदिवसाला हमीदांनी नळी उजेडाकडे धरली, पाहिली, आणि बाईंच्या हातात दिली. पूर्ण गढूळ होती. बाईंनी ती माझ्यापुढे धरून विचारले, "तुमच्यासारखी झाली का?"

आम्ही सर्व शनिवारवाले त्यांच्यासाठी एकच मागणे मागतो. बाईंना भरपूर आयुष्य मिळो, गुडघे कट्ट्यापर्यंत चालत राहोत, आणि शंभराव्या वर्षीही हमीदा नळी घेऊन आल्या की ती अशीच, अगदी अशीच गढूळ निघो.